आधी वास, मग बटण

आप्पा गांगुर्डे गिटारच्या ॲम्प्लिफायरचा वास घेतात.

हे मी उगाच रंगवून सांगत नाहीये. गिऱ्हाइकाने ॲम्प आणून टेबलावर ठेवला की आप्पा त्याची मागची फळी उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात, हात पाठीशी बांधतात आणि गाभाऱ्यात वाकावं तसे वाकून आत नाक घालतात. मग एक लांबलचक श्वास. बाहेर नाशिकच्या द्वारका चौकात हॉर्नचा कहर चाललेला असतो, ट्रॅव्हल्सवाले "पुणे पुणे पुणे" करत कुणाच्याही बॅगा ओढत असतात, आणि आत आमचे आप्पा डोळे मिटून समाधीत. गिऱ्हाईकसुद्धा श्वास धरून उभं. थोड्या वेळाने आप्पा वर येतात आणि म्हणतात, "हं."

या "हं"साठी लोक घोटीहून येतात.

गिटारचा ॲम्प म्हणजे काय, हे मलाही दुकानात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ती एक जाडजूड पेटी असते. गिटारचा आवाज मोठा करते आणि करता करता स्वतः तापते. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, कॉलेजच्या पोरांच्या बँडमध्ये, सगळीकडे असते. फार तापली की आतला एखादा भाग जळतो आणि पेटी मुकी होते. दुसरे दुकानदार मीटर लावून शोधतात. आप्पांचा नियम एकच: "आधी वास, मग बटण." जळालेला भाग मरताना वास सोडतो आणि मरणारा खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. रेझिस्टर, म्हणजे विजेला लगाम घालणारा बारका तुकडा, तो जळाला तर तव्यावर विसरलेल्या पोळीचा वास. कपॅसिटर, म्हणजे ती डबीसारखी वस्तू वीज साठवणारी, ती फुटली तर सुकटीचा. आणि ट्रान्सफॉर्मर गेला तर लाखेच्या बांगडीला काडी लावल्यागत गोडसर.

मी किनवटची. नकाशात बोट ठेवायचं तर नांदेडच्याही पलीकडे, तेलंगणाच्या कुंपणाला टेकून. नववीत शाळा सुटली. नवऱ्याच्या मागे नाशकात आले आणि अंबडच्या एका कारखान्यात सर्किटच्या पट्ट्यांवर सोल्डरिंग करत बसले. ती लाइन बंद पडली तेव्हा कुणीतरी सांगितलं, द्वारकेला एक म्हातारा आहे, त्याला सोल्डरिंग येणारं माणूस हवंय, पण जरा सांभाळून.

मी नोकरी मागायला जाताना "दहावी नापास" असं सांगायचं पाठ करून गेले होते. नववीत सोडली म्हणण्यापेक्षा दहावी नापास ऐकायला बरं वाटतं, निदान प्रयत्न केल्यासारखं. आप्पांनी शाळेचं काही विचारलंच नाही. त्यांनी खणातून काड्यापेट्या काढल्या आणि म्हणाले, "डोळे मिट."

मी घाबरले. परक्या शहरात साठीतला माणूस डोळे मिट म्हणतो, तर बाईमाणसाने काय समजायचं? मी एक डोळा मिटला.

"हे काय?" नाकाखाली एक काड्यापेटी आली, आत कसलासा जळका तुकडा.

"सुकट."

"हे?"

"पोळी करपली की."

"आणि हे?"

"बांगडी जळाल्यागत. लाखेची."

आप्पांनी काड्यापेट्या पुन्हा खणात टाकल्या. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाले, "उद्या ये. डबा आण. गाव कोणतं?"

"किनवट."

त्या दिवसापासून माझं नाव किनवट. माझं खरं नाव सुनंदा आहे, हे आप्पांना अजून माहीत असेल असं मला वाटत नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, वास घ्यायची नोकरी लागली. तो म्हणाला, "पगार तरी खरा आहे का?" खरा होता.

दुकानातली रीत अशी. आप्पा वास घ्यायचे, "हं" म्हणायचे आणि गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे वळायचे. "किनवट, तू सांग. बघू शिकलीस का." मी भीत भीत नाक घालायचे आणि सांगायचे, "रेझिस्टर, आप्पा. डावीकडं." आप्पा मान डोलवायचे. "बरोबर. पन्नास टक्के."

कायम पन्नास. मी कितीही अचूक सांगितलं तरी पन्नास. "उरलेले पन्नास अनुभवाचे," म्हणायचे. मग माझंच उत्तर गिऱ्हाइकाला दुप्पट मोठ्या आवाजात ऐकवायचे. मी रात्रंदिवस त्या उरलेल्या पन्नासांच्या काळजीत. दर शनिवारी वाटायचं, आज काढतील.

आप्पांचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं: झाकण. आपल्याकडे माणसाचं एखाद्या वस्तूवर प्रेम बसलं की तो तिला कपडे शिवतो. मिक्सरला फ्रॉक, टीव्हीला पडदा, फ्रीजच्या मुठीला मोजे. ॲम्पलाही शिवतात. त्याची हवा जायची भोकं अशी मायेने बुजवली की आतल्या भागांचं भरीत होतं. आप्पा कुणाच्याही घरी गेले की चहा नंतर, आधी फ्रीज भिंतीपासून ओढतात. "प्रेम कमी करा, हवा वाढवा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. नवीन रेझिस्टर लावतानाही मला सांगतात, "बोर्डाला चिकटवू नको. जरा उचलून लाव. खालून वारं जाऊ दे. नवरा-बायकोतसुद्धा तेवढी जागा लागते." स्वतः लग्न केलेलं नाही. का, तर "एका सॉकेटवर दोन ॲम्प चालत नाहीत."

एका लग्नात आम्ही साऊंड बघायला गेलो होतो. नवरदेव फेट्यात, शेरवानीत, वरून शाल, गळ्यात हार आणि तोंडावर हॅलोजन. आप्पा लांबूनच म्हणाले, "हा सेट बसणार." मंगलाष्टकं संपायच्या आत नवरदेव खरोखर खाली बसला. वऱ्हाड पाण्यासाठी धावलं, आप्पा शाल काढायला.

आमचं सगळ्यात निष्ठावंत गिऱ्हाईक बबनराव निकाळे. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात, रात्रीही काळा चष्मा, केसांना मेंदी. त्यांच्या बायकोने ॲम्पला गोधडी शिवली होती. जुन्या साड्यांची, चौकटीचौकटीची, चारी बाजूंनी अंगाबरोबर बसणारी. लग्नसराईत ती पेटी सारखी आमच्याकडे.

"काय हे बबन!" आप्पा नामपूरचे, चिडले की थेट गावाकडच्या अहिराणीत जातात. "हाऊ ॲम्प शे का शेगडी शे?"

"मंडळींनी प्रेमाने शिवलीय हो आप्पा."

"प्रेमानेच जळतं सगळं. थंड ठेवायला अक्कल लागते."

बाकी आप्पांच्या काही सवयी मला तेव्हा अपमानाच्या वाटायच्या, त्याही सांगून टाकते. एकटेच राहायचे, स्वतः रांधायचे, तेही विजेच्या शेगडीवर. सकाळी आले की डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरायचे. "बघ गं, विटलंय का." मी मनात म्हणायचे, मी काय मांजर आहे? कधी बाही पुढे करायचे. "शर्टाला येतो का वास?" आता परक्या पुरुषाच्या शर्टाचा वास बाईने घ्यायचा म्हणजे! मी लांबूनच "नाही" म्हणायचे. आणि जेवताना रोज, न चुकता, "तुझी भाजी कशाची? फोडणी कशाची? लसूण घातलाय का?" म्हातारा भोचक आहे, एवढाच मी अर्थ काढला. एकदा दुकानात चहाचं दूध करपून भांडं काळं झालं, शेजारचा पंक्चरवाला धावत आला, आणि आप्पा त्या भांड्याला पाठ लावून शांतपणे बोर्ड घासत बसलेले. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "एकाग्रता, किनवट. एकाग्रता शिक."

मी खरंच शिकायचा प्रयत्न केला.

मग मला सर्दी झाली. साधी नाही, नाकात कुणी सिमेंट ओतावं अशी. आल्याचा चहा झाला, ओवा झाला, वाफ झाली. कांदा फोडून नाकाला लावला तर डोळ्यांना कळलं, नाकाला नाही. सुटी मागावी तर भीती, की नाकाशिवाय आपलं इथं काय काम? गेले तशीच.

नेमके त्या दिवशी बबनराव आले. धावत. संध्याकाळी घोटीला लग्न, सुपारी घेतलेली, आणि पेटी मुकी.

आप्पांनी गोधडी उतरवली, फळी उघडली, वाकले, श्वास घेतला. "हं. किनवट, तू सांग."

मी नाक घातलं. काहीच नाही. आत धूळ आहे की अत्तर, काही कळेना. बबनराव बघतायत, आप्पा बघतायत. आत एक रेझिस्टर जरा तांबूस दिसला. तो तसा आधीपासूनच तांबूस असेल. मी म्हणून टाकलं, "रेझिस्टर, आप्पा."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "पन्नास टक्के."

मला इतकं हायसं वाटलं की मी देवाचे आभार मानले. न घेतलेल्या वासालाही पन्नास मिळाले होते!

रेझिस्टर बदलला. मी म्हटलं, "आप्पा, आधी बल्बवर लावून बघू का?" मध्ये एक बल्ब जोडून पेटी चालू केली, की आत बिघाड राहिला असेल तरी मोठा दणका बसत नाही. आप्पांनी छाती काढली. "नाक असताना बल्ब कशाला?" आणि बटण दाबलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. कपॅसिटर आकाशात गेला. त्याच्या पोटातल्या कागदाच्या चिंध्या सगळ्या दुकानभर उडाल्या आणि सावकाश, अगदी अक्षता पडाव्यात तशा, बबनरावांच्या मेंदीवर येऊन बसल्या.

बबनरावांनी काळा चष्मा काढला. मी त्यांचे डोळे पहिल्यांदा पाहिले. ते म्हणाले, "आप्पा, राग मानू नका. पण पेटी उघडल्यापासून मला सुकटीचा वास येतोय. मला वाटलं, ताईंचा डबा असेल."

बबनरावांनी माझ्या लाल नाकाकडे पाहिलं, मग आप्पांकडे. मी पण आप्पांकडे पाहिलं. आप्पा टेबलावरचा तो फुटका तुकडा उचलून नाकाशी धरून उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं.

नवा कपॅसिटर मी लावला. टाका नीट बसला. या वेळी बल्ब जोडून पाहिलं. पेटी बोलली, बबनराव ती उचलून तडक घोटीला गेले.

मग दुकानात आम्ही दोघंच, आणि दोघांची मिळून दोन बंद नाकं.

"आप्पा," मी म्हटलं, "मला सर्दी आहे. मी अंदाजानं सांगितलं."

"तुझी सर्दी शे," आप्पा म्हणाले. "ती उतरेल."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. एक मोठा ताप आला होता, मी येण्याच्या आधी. बाकी सगळं सावरलं, वास तेवढा परतलाच नाही. "डॉक्टर म्हणाला, कधीकधी परत येतो. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, कधीकधी." आप्पा हसले, पण त्यात दम नव्हता. "पाचातलं एकच इंद्रिय कमावतं होतं, किनवट. बाकीची सगळी बसून खाणारी."

माझ्या डोक्यात काड्यापेट्या एकेक करून उघडू लागल्या. "म्हणजे मला तुम्ही नाकासाठी ठेवलं?"

"मग काय दहावीसाठी? दहावीला वास येतो का?"

आता यावर रागवायला हवं होतं. पण खरं सांगू, मला रडायला आलं ते सुखाने. जन्मभर जो तो माझ्याजवळ नसलेली गोष्ट मागत आला होता. मार्कशीट आण, दाखला आण. या माणसाने माझ्या तोंडाच्या मधोमध असलेली वस्तू मागितली होती.

"पण बबनला कळलं," आप्पा म्हणाले. "आता संपलं."

ते खरंच होतं. बबनरावांचं तोंड म्हणजे विजेशिवाय चालणारा ॲम्प. नाशिकपासून इगतपुरीपर्यंत एक मांडव सुटत नाही त्यांच्याकडून. आणि समोरच्या गल्लीत एका पोराने एसी लावलेलं दुरुस्तीचं दुकान टाकलेलं, स्क्रीनवाली मशीन ठेवलेली. लोक आमच्याकडे यायचे ते त्या "हं"साठी. ते नाक बंद आहे म्हटल्यावर आमच्या गळक्या पत्र्याखाली कोण येणार? दुकानाला कुलूप लागलं तर आप्पा कुठे जाणार, हे मला कळेना. मी कुठे जाणार, ते मात्र चांगलं कळत होतं. किनवटची गाडी रात्रभर जाते.

माझी सर्दी उतरली, पण आप्पांनी वास घेणंच सोडलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, वास?" आप्पा म्हणायचे, "ठेवून जा." जो तो पेटी ठेवताना अडखळायचा. कुणी आत आलं आणि जरा हसलं की मला वाटायचं, याला कळलंय. दुकानात इतकी शांतता, की एके दुपारी आप्पांनी कुणाच्या तरी पेटीवरचा क्रोशाचा रुमाल पाहिला आणि तो काढलासुद्धा नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

त्यानंतर एके सकाळी दुकानात दोघंजण उभे होते. कॉलेजचे, केस वाढवलेले. आप्पा नुसतेच बसलेत हे बघून त्यातला एक म्हणाला, "चल यार, समोर नेऊ. तिथे मशीन आहे."

"मशीनला काय घंटा कळतं?"

दारात बबनराव. काळा चष्मा, खांद्यावर पेटी. पेटी उघडीवाघडी, गोधडीची घडी काखेत. त्यांनी आधी गोधडी टेबलावर अंथरली, तिच्यावर पेटी ठेवली आणि त्या पोरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आप्पा, आधी वास, मग बटण. मला घाई नाही." मग हळूच माझ्याकडे वळून, "ताई, सर्दी गेली ना?"

"हाव," मी म्हटलं.

आप्पांनी बबनरावांकडे पाहिलं. मग उठले. चष्मा कपाळावर. हात पाठीशी. वाकले. कॉलेजची पोरं श्वास धरून.

"हं," आप्पा म्हणाले. "किनवट, तू सांग."

मी नाक घातलं आणि गोंधळले. पुन्हा घातलं. "आप्पा, वासच नाही. काहीच जळालेलं नाही. धूळ आहे थोडी. आणि डांबरगोळी, ती गोधडीची."

"बरोबर. पन्नास टक्के." आप्पांनी बटण दाबलं. पेटी खणखणीत बोलली. ती बिघडलेलीच नव्हती. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपली पेटी निमूटपणे टेबलाकडे सरकवली.

"मंडळींना सांगितलं," बबनराव गोधडीची घडी घालत म्हणाले, "प्रेम कमी कर, हवा वाढव. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत." आणि गेले.

दुकान पुन्हा चालू आहे. घोटीहून लोक येतात, आप्पा समाधी लावतात, मला पन्नास टक्के मिळतात. फरक एवढाच की डबा पुढे आला की मी आता झाकण पूर्ण काढून, नीट वास घेऊन सांगते. बाही पुढे आली तर जवळ जाऊन सांगते. "धुवा उद्या," असंही सांगते. "शहाणी झाली," म्हणतात. विजेची शेगडी का, हेही विचारून घेतलं. गॅस गळला तर कळणार नाही म्हणून. घरात सांगायला दुसरं कुणी नाही.

परवा जेवायच्या वेळेला आप्पांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. नामपूरहून बहिणीने कुणाच्या तरी हाती पाठवलेला, काळा मसाला, तोंडाला दोरा आवळून बांधलेला. दोरा सोडायला त्यांनी फार वेळ लावला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तरी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हात पाठीशी बांधले आणि वाकून लांबलचक श्वास घेतला.

"हं," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "किनवट, तू सांग."

मी डबा जवळ घेतला. "कांदा आहे, आप्पा. वाळवून भाजलेला. गॅसवर नाही, चुलीवर. धुराचा वास आहे त्याला. खोबरं भाजलंय तेलावर. धने, आणि मागून दगडफूल येतंय जरासं. मिरची अशी नाकात नाही जात, घशात जाऊन बसते." मी थांबले. सांगावं की नाही कळेना. "आणि खोबरं थोडं करपलंय."

आप्पांचे डोळे मिटलेले होते. "आई पण करपवायची," ते म्हणाले. "त्याच कढईत. बरोबर."

मी पन्नास टक्क्यांची वाट बघत राहिले. बाहेर कुणीतरी पुणे पुणे करत होतं.

"परत एकदा सांग," आप्पा म्हणाले. "सावकाश."